काळी आणि पिवळी : पेरोव्स्काइट सेलची नोंदवही

८ एप्रिल २०२४

सरांनी नवी वही घ्यायला लावली. जुन्या वहीत आकडे भरपूर आहेत, पण त्या दिवशी हवा कशी होती, काच कुठल्या खोक्यातली होती, हे कुठेच नाही. "आकडा कोणीही लिहितं. बिघडलं तेव्हा खोलीत काय काय चालू होतं, ते लिही," असं म्हणाले.

काम असं: ग्लोव्ह बॉक्सशिवाय (नायट्रोजन भरलेली बंद पेटी), नागपूरच्या उघड्या हवेत, सोनं न वापरता पेरोव्स्काइटचा, म्हणजे उजेडातून वीज काढणाऱ्या एका स्फटिकी पदार्थाचा, सौर सेल बनवायचा आणि तो गच्चीवर टिकवायचा. कार्यक्षमता १० टक्के आली तरी चालेल. बाहेर या पदार्थाची गाडी फार पुढे गेली आहे. २००९ मध्ये जपानात मियासाकांच्या गटाने ३.८ टक्क्यांपासून सुरुवात केली. आज एकेरी सेल २६ टक्क्यांच्या वर आहे आणि सिलिकॉनवर पेरोव्स्काइट चढवलेला लोंगी कंपनीचा टँडेम ३३.९ टक्क्यांवर. पण हे विक्रमी सेल बहुतेक नायट्रोजनच्या पेटीत जन्मतात आणि नखाएवढे असतात. मे महिन्यातली नागपूरची गच्ची त्यांनी पाहिलेली नाही.

आमचे थर खालून वर: एफटीओ काच (एका बाजूने वीज वाहणारी), टिन ऑक्साइड, पेरोव्स्काइट, कार्बन. सोनं परवडत नाही हे एक. दुसरं म्हणजे सोन्याखाली पेरोव्स्काइटमधला धन प्रभार वाहून नेणारा जो स्पायरो नावाचा सेंद्रिय थर लागतो, त्याची चालकता वाढवायला लिथियमचं मीठ घालतात आणि ते मीठ हवेतलं पाणी ओढतं. म्हणजे पैसे देऊन घरात ओल आणायची. कार्बनची पेस्ट ब्लेडने ओढायची, हॉट प्लेटवर वाळवायची, झालं.

१२ एप्रिल

काचा धुतल्या. साबण, पाणी, अ‍ॅसिटोन, आयपीए, मग यूव्ही-ओझोन. चोवीसपैकी तीन काचा उलट्या बाजूने कोट केल्या. मल्टिमीटर लावून चालक बाजू बघायची आणि कोपऱ्यावर हिऱ्याच्या पेन्सिलीने खूण करायची, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच शिकवते.

१९ एप्रिल

मतदान. लॅब बंद. बोटावरच्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, कातडीवर बसून उजेडात काळं पडतं आणि आठवडे जात नाही. आमची फिल्मही काळीच, पण ती टिकवायला पीएचडी करावी लागते.

२६ एप्रिल

पहिल्या चांगल्या फिल्म. पेरोव्स्काइट म्हणून मिथाइल अमोनियम लेड आयोडाइड; द्रावकं डीएमएफ आणि डीएमएसओ, चारास एक. स्पिन कोटर (काच गरगर फिरवून वरचं द्रावण पातळ पसरवणारं यंत्र) मिनिटाला ४००० फेरे. सगळा खेळ क्लोरोबेंझिन टाकण्याच्या एका क्षणाचा आहे. काच फिरू लागली की वर पिवळसर, ओलं वर्तुळ दिसतं. ते कडेकडून आत आटत येतं, त्यावरचे रंगीत पट्टे धावतात आणि एकदम थांबल्यासारखे होतात. त्या क्षणी पिपेटने सरळ मध्यावर, न थबकता टाकायचं. आज तो क्षण २५ व्या सेकंदाला आला. दोन सेकंद आधी टाकलं तर फिल्म धुऊन निघते, दोन सेकंद उशीर केला तर दुधाळ होते. बरोबर पडलं की काच आधी पारदर्शक राहते आणि हॉट प्लेटवर १०० अंशांना ठेवली की डोळ्यांदेखत तपकिरी, मग काळी होते. आरसा. माझं तोंड दिसत होतं तिच्यात.

लॅबमधली आर्द्रता २२ टक्के. (भिंतीवरच्या मीटरनुसार.)

सेल क्रमांक ३: व्होल्टेज वरून खाली आणताना ११.२ टक्के, खालून वर नेताना ७.८. एकाच सेलचे दोन आकडे. आतले आयोडाइडचे आयन जागा सोडून सरकत राहतात, त्यामुळे आधी कुठून आलात यावर उत्तर बदलतं. पेपरांत बहुतेक वेळा मोठा आकडा दिमाखाने छापलेला असतो. सर म्हणाले, दोन्ही लिही, आणि कोणी विचारलं तर लहान सांग.

९ मे

वाईट दिवस. खरं तर वाईट आठवडा. फिल्म राखाडी, धुरकट. सूक्ष्मदर्शकाखाली सुयांसारखे स्फटिक आणि मधे मधे उघडी काच. कार्बन त्या भोकांतून खाली उतरून थेट टिन ऑक्साइडला टेकतो, सेल शॉर्ट.

लेड आयोडाइडची बाटली बदलली. डीएमएसओ नवा उघडला. टिन ऑक्साइड पुन्हा गाळून घेतलं. हॉट प्लेटचं तापमान वेगळ्या थर्मामीटरने तपासलं, ती ४ अंश खोटं बोलते, पण तिचा स्वभाव आधीपासूनचाच. गंमत म्हणजे सकाळच्या फिल्म बऱ्या येतात, दुपारच्या सगळ्या जातात. दुपारी मी दमलेली असते, हात हलत असेल, असं वाटलं. ज्युनिअरला दुपारी करायला लावलं. तिच्याही गेल्या. भिंतीवरचा मीटर तर २१ टक्के दाखवतो, इतकी कोरडी हवा मिळावी म्हणून लोक यंत्रं विकत घेतात.

१४ मे

सापडलं. मला नाही, लॅब झाडणाऱ्या काकांना.

दुपारी मी तोंड पाडून बसले होते. काका झाडू ठेवून म्हणाले, "मॅडम, एक सांगू का? बाजूच्या खोलीतला कूलर चालू राहाते ना, त्या दिवशी तुमची काळी रुसते."

मी म्हटलं, काका, कूलरचा काय संबंध, तो तर पलीकडे आहे.

"मी दोनदा पानी भरतो त्याच्यात. एक वाजता अन् चार वाजता. टाकी रिकामी होऊन जाते. कुठं जाते मंग ते पानी?"

दहा वर्षं फिजिक्स शिकून हा प्रश्न मला पडला नाही. परीक्षेचे पेपर तपासायला शेजारच्या खोलीत माणसं बसतात, त्यांच्यासाठी ६ मेपासून कूलर. मधल्या दाराच्या वरची झडप उघडी. आमचा एसी मार्चपासून बंद, पत्रव्यवहार चालू आहे, म्हणून गारवा येतो तर येऊ दे असं म्हणून ती झडप मीच उघडी ठेवली होती. भिंतीवरचा मीटर खिडकीपाशी, जिथून बाहेरची कोरडी झळ आत येते. तो काढून स्पिन कोटरपाशी आणला: ५८ टक्के. झडप बंद करून अर्ध्या तासाने २७.

वाळ्याचा वास तर रोज येत होता. वास येतो म्हणजे हवा येते, आणि कूलरची हवा म्हणजे पाणीच.

१७ मे

झडप बंद, तर लॅबमध्ये ४० अंश. आता दुसरीच अडचण. सॉल्व्हंट इतकं भराभर उडतं की २५ व्या सेकंदाला सगळं संपलेलं असतं. आज तो क्षण १७-१८ व्या सेकंदाला पकडला. म्हणजे वहीतला "२५ सेकंद" हा आकडा त्या दिवसापुरता खरा. पट्टे बघायचे, घड्याळ नाही.

उद्यापासून सकाळी ६ ते ९. काकांनी किल्ली माझ्याकडे दिली. नऊनंतर नाक्यावर तर्री पोहे.

२५ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ऐन तापाचे नऊ दिवस, लागला. सीलबंद न केलेले, फक्त वर काच दाबून बसवलेले चार सेल चार दिवसांपासून गच्चीवर. सेलच्या पाठीला थर्मोकपल चिकटवलं होतं: दुपारी दीड वाजता ६८ अंश. सावलीत ४५.

प्रयोगशाळेतली प्रमाण अट २५ अंशांची असते. नागपुरात सूर्य ऐन भरात असताना सेल २५ अंशांवर असायला तो फ्रीजमध्ये ठेवून आत दिवा लावावा लागेल.

उष्णता नुसती व्होल्टेज कमी करते असं नाही. मिथाइल अमोनियमवाल्या पदार्थाची स्फटिकरचना ५५ अंशांच्या आसपास चौकोनीतून घनाकार होते आणि थंड झाल्यावर परत. म्हणजे आमचा सेल रोज सकाळी ती रेषा ओलांडतो, संध्याकाळी पुन्हा. शिवाय मिथाइल अमोनियम हलकं, तापलं की निसटू बघतं. ते गेलं की मागे उरतं लेड आयोडाइड, पिवळंजर्द. चार दिवसांत चारपैकी तीन सेलच्या कडा पिवळ्या.

ठरवलं: मिथाइल अमोनियम सोडायचं. त्याच्या जागी फॉर्मामिडिनियम, जास्त ताप सोसणारं. पण ते आकाराने मोठं, शिसं आणि आयोडाइडच्या पिंजऱ्यात जेमतेम मावतं. साध्या तापमानाला रचना कलंडते आणि काळ्याची पिवळी होते, ओल नसतानाही. सीझियम लहान. दर शंभरात पंधरा-सतरा जागी सीझियम बसवलं की पिंजरा सावरतो. बसच्या तिघांच्या सीटवर तीन धष्टपुष्ट बसले तर दांडा वाकतो, त्यात एक किडकिडीत घातला की सगळे नीट बसतात, ज्युनिअरला असं समजावलं. तिने वहीत सीटचं चित्र काढलं.

३१ मे

काल शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश नोंदवले. फोनवर फोन, मामेभावाने पुण्याहून विचारलं जिवंत आहेस का. मग सेन्सर बिघडल्याचा खुलासा आला.

हसून झालं, आणि मग मला माझ्या ११.२ ची शंका आली. त्या सेलचा करंट चौरस सेंटिमीटरला २४.६ मिलिअँपिअर लिहिलाय. या पदार्थाचा बँडगॅप, म्हणजे फोटॉनकडे (उजेडाच्या कणाकडे) किमान लागणारी ऊर्जा, साधारण १.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. प्रत्येक फोटॉन कामी आला तरी कमाल २५ च्या आसपास. माझ्या सेलला मागे सोन्याचा आरसा नाही, कार्बन आहे, म्हणजे एकदा निसटलेला उजेड परत येत नाही. तरी ९८ टक्के वसूल? आपला सेन्सरही बिघडला असणार.

दिवसभर शोध. दिवा ठीक, सिलिकॉनचा संदर्भ सेल बरोबर तेवढंच दाखवतो. दोष मास्कचा, म्हणजे मोजायचं क्षेत्र सोडून बाकी उजेड अडवणाऱ्या पत्र्याचा. मी मास्कच लावला नव्हता. क्षेत्रफळ कार्बनच्या पट्टीवरून मोजलं, पण पट्टीबाहेरच्या पेरोव्स्काइटमधूनही कडेने करंट गोळा होतो, काचेतून आडवा उजेडही येतो. काळ्या पत्र्याला नेमकं भोक पाडून मास्क केला. त्याच जातीचा ताजा सेल: ९.५ आणि ६.९.

एप्रिलची सगळी पानं लाल पेनाने खुणावली. खोडली नाहीत, नुसतं "मास्क नाही" असं लिहिलं. सरांना सांगताना पोटात गोळा. ते म्हणाले, "बरं झालं, आपल्यालाच सापडलं."

१५ जून

लोंगीचा टँडेम ३४.६ टक्के. आमचा नवा, फॉर्मामिडिनियम-सीझियमचा पहिला सेल ८.८ आणि ८.१, मास्कसकट. दोन्ही आकडे जवळ आले याचा मला त्या ८.८ पेक्षा जास्त आनंद आहे.

११ जुलै

पाऊस. आर्द्रता ८४. आता कूलरला दोष देता येत नाही, आख्खं शहरच कूलर झालंय.

अ‍ॅक्रिलिकची पेटी केली, आत सिलिका जेलची ताटं. निळे दाणे दोन तासांत गुलाबी. ओव्हनमध्ये भाजून पुन्हा निळे. काकांनी त्याला "तुमचे पोहे भाजणं" असं नाव दिलंय. पेटीत ४० च्या खाली जात नाही. मग तीन गोष्टी एकदम बदलल्या (करू नये, पण केल्या): काच आधी ७० अंशांना तापवून घेतली, फिरताना वर कोरड्या हवेचा झोत धरला आणि क्लोरोबेंझिनऐवजी इथाइल अ‍ॅसिटेट. हे शेवटचं कामी आलं असावं. इथाइल अ‍ॅसिटेट थोडं पाणी स्वतःत सामावून घेतं, त्यामुळे फिल्मला लागणारी ओल वरच्यावर उचलली जाते. लॅबला नेलपॉलिश रिमूव्हरचा वास. फिल्म एप्रिलसारखी आरसा नाही, पण भोकं नाहीत.

१२ ते १६ जुलै

एकेक बदल मागे घेऊन पाहिलं. झोत काढला: थोडं वाईट. काच तापवली नाही: थोडं वाईट. इथाइल अ‍ॅसिटेट काढलं: दुधाळ. ठीक.

२४ जुलै

सीलबंद करणं. यात इतकं काही असेल असं वाटलं नव्हतं. फिल्मपेक्षा जास्त दिवस यात गेले.

पहिली खेप दोन ट्यूबवाल्या इपॉक्सीने चिकटवली, वर दुसरी काच. घट्ट, देखणी. दुसऱ्या दिवशी जिथे जिथे इपॉक्सी फिल्मला टेकली तिथे रंग उडालेला, पाऊस यायच्या आधीच. पाणी नव्हे, हार्डनरमधलं अमाइन. फिल्ममधलं मिथाइल अमोनियम, फॉर्मामिडिनियम हे त्याच कुळातले; बाहेरचं अमाइन आत घुसलं की रचना मोडते. घर राखायला चोराच्या भावाला बसवलं.

मग कडेने ब्यूटाइल रबर. दुहेरी काचांच्या खिडक्यांना कडेने हेच भरतात, कारण त्यातून वाफ फार सावकाश जाते. इतवारीत तीन दुकानं फिरले. "सोलर सेलसाठी" म्हटल्यावर दोघांनी नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्याकडे "पत्र्याच्या शेडला सांध्यावर लावतात ती काळी चिकट टेप" म्हटलं, तर त्याने न बघता मागच्या फळीवरून काढून दिली. हॉट प्लेटवर ९० अंशांना मऊ करून दोन काचांमध्ये दाबली. फिल्मचा काठ आधी ४ मिलिमीटर खरवडून घेतला, म्हणजे टेप काचेला चिकटते, फिल्मला नाही. हे खरवडणं विसरलं की ओल फिल्ममधूनच टेपच्या खालून आत येते.

उरतो तारेचा रस्ता. तार बाहेर काढावीच लागते, आणि जिथे तार तिथे फट.

३० जुलै

गच्चीवर तीन गट, चार-चार सेल. अ: जुना मिथाइल अमोनियमवाला, वर नुसती काच. आ: नवा, इपॉक्सी (फिल्मपासून दूर ठेवून). इ: नवा, ब्यूटाइल टेप. प्रत्येकाला कमाल शक्तीच्या आसपासचा रोधक जोडला. मोकळा सोडलेला सेल लवकर मरतो, हे मे महिन्यात पाहिलंय. रोज सकाळी ८ आणि संध्याकाळी ५ ला मोजणी, आणि मोबाइलने एकाच अंतरावरून काचेकडून फोटो.

सेलमध्ये शिसं किती आहे, फुटला तर काय, हे काकांनी विचारलं. हिशोब केला: अर्ध्या मायक्रॉनचा थर, चौरस मीटरला साधारण दोन ग्रॅम पदार्थ, त्यात तिसरा हिस्सा शिसं. म्हणजे पाऊण ग्रॅमहून कमी. आमचे सगळे सेल मिळून चौरस मीटरचा कोपराही होत नाही. तरी लेड आयोडाइड पाण्यात थोडं विरघळतं, म्हणून सेलखाली ट्रे, हातमोजे, आणि धुतलेलं पाणी सिंकमध्ये नाही, वेगळ्या कॅनमध्ये. कॅनवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं.

९ ऑगस्ट

अ गट दुसऱ्या दिवशीच पिवळा, फेकायचा नाही, फोटोसाठी ठेवलाय. आ गट: दोन मेले, दोन रखडतायत.

इ गटाचं एक कोडं. संध्याकाळी ५ ला ८.० पर्यंत उतरतो, सकाळी ८ ला पुन्हा ८.४. आधी वाटलं ढगांमुळे. पण संध्याकाळी खाली आणून दिव्याखाली, त्याच तापमानाला मोजलं तरी तेच. दिवसा उजेडात आयन एका बाजूला जमतात, रात्री अंधारात पांगतात, सेल ताजातवाना. मग "अमुक तास टिकला" यातले तास कोणते धरायचे? सलग दिव्याखालचे हजार तास आणि रात्री झोप घेतलेले हजार तास एक नव्हेत. पेरोव्स्काइटच्या टिकाऊपणाच्या चाचण्यांसाठी २०२० मध्ये जगभरच्या गटांनी मिळून आयसॉस नावाचे जे वर्ग एकमताने मांडले, त्यात अंधार, दिवा आणि बाहेरचं ऊन वेगवेगळे मांडलेत, ते का हे आज कळलं. वहीत आता फक्त सकाळचा आकडा मुख्य, संध्याकाळचा कंसात.

सरांशी वाद. ते म्हणतात ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता, हजार तास, ही बाजाराची परीक्षा, ती द्यावीच लागेल. मी म्हणते नागपुरात ८५ टक्के आर्द्रता येते तेव्हा काच चाळिशीतही नसते, आणि काच सत्तरीला टेकते तेव्हा हवा वाळलेली असते. दोन्ही पेपर एकाच दिवशी कशाला? "कारण वीस वर्षं थांबायला तुला स्कॉलरशिप नाही," असं म्हणाले. यावर उत्तर नव्हतं.

३ सप्टेंबर

मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची मिरवणूक. इतवारीत गर्दीत उभी होते. काळ्या मारबतीचा पुतळा पुढे, पिवळीचा मागून (दोन्ही शेवटी जाळतात), पोरं बेंबीच्या देठापासून "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडत होती. ज्युनिअर माझ्या कानात म्हणाली, "ताई, आपल्याकडे काळी ठेवायची आणि पिवळी जाळायची." बडग्यांच्या (टीका करणाऱ्या पुतळ्यांच्या) मागे एकाने विजेच्या बिलाचं कडबोळं केलं होतं.

घरी येताना गच्चीवर जाऊन मोजणी केली, सुट्टी असली तरी. इ गट, ३५ दिवस: चारपैकी तीन सेल पहिल्या दिवसाच्या ९१, ८९ आणि ८८ टक्क्यांवर. चौथा, क्रमांक १४, ७६ वर. फोटो क्रमाने लावून पाहिले. क्रमांक १४ ला कडेला कुठेही पिवळं नाही, फक्त तार निघते त्या कोपऱ्यात आहे: २० ऑगस्टला सुईच्या टोकाएवढं, आज जवारीच्या दाण्याएवढं, आणि तिथून तारेच्याच दिशेने आत सरकतंय. बाकी तिघांच्या तारेवर टेप दोनदा गुंडाळली होती. याच्यावर एकदा. त्या दिवशी टेप संपत आली होती, तसं वहीत लिहिलंय.

१० सप्टेंबर

इतवारीतून टेपचे सहा रोल. नव्या खेपेत तार काढायचीच नाही. एफटीओचा पट्टा स्वतःच काचेवरून टेपखालून बाहेर न्यायचा आणि तार बाहेर जोडायची. एचिंगसाठी, म्हणजे नको तिथला एफटीओ काढायला, जस्ताची भुकटी आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड; त्याचा आराखडा नव्याने आखावा लागेल.

काकांनी शेजारचा कूलर धुऊन, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकला. आर्द्रतेच्या मीटरला स्पिन कोटरशेजारी कायमचा खिळा ठोकला.

क्रमांक १४, सकाळी ८: ७३ टक्के (७०).